उत्तरेची बाजू

उत्तरेच्या बाजूला कोणी हात लावत नव्हतं.

पूर्वेची बाजू हेविनकाकाने धुऊन घेतली होती, दक्षिणेची नेस्टने, आणि पश्चिमेकडची अरुंद बाजू मेरेरिदआत्या स्टुलावर बसून दातांच्या जुन्या ब्रशने घासत होती. दरवर्षी हीच वाटणी असे. वसंतातल्या फुलांच्या रविवारच्या, म्हणजे थडगी फुलांनी सजवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी लानविनो गावातलं प्रत्येक घर चर्चच्या आवारात आपापल्या थडग्यापाशी जमे. शेवाळ खरवडायचं, चुन्याचा हात द्यायचा, अक्षरांत काळा रंग भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी डॅफोडिलच्या जुड्या मांडायच्या. प्रॉथरोंच्या थडग्याला घरात ‘पेटी’ म्हणत. कमरेइतक्या उंचीची, चार उभ्या फरशांची दगडी पेटी, वर एक जाड शिळा. तिची उत्तरेची बाजू नेस्टच्या वडिलांची, इदवलची. गेली सदतीस वर्षं. इदवल जानेवारीत गेला. आज त्याचा कुंचा रिकाम्या बादलीत कोरडा पडून होता. मुठीला गुंडाळलेली सुतळी त्याच्या पंजाच्या मापाने झिजलेली.

नेस्ट त्या कुंच्याकडे बघायचं टाळत होती. वडील गेल्यापासून ती वस्तूंना अशीच वळसा घालून जायची. कार्डिफला ग्रंथालयात परत रुजू झाली होती, लोकांशी बोलत होती, हसतही होती. पण वडिलांचा चष्मा अजून हॉस्पिटलच्या पिशवीतच होता, आणि ती पिशवी गाडीच्या डिकीत.

“हेविन, तुझं सिमेंट पुन्हा फुटलंय रे,” पश्चिमेकडून आत्याचा आवाज आला.

“ताई, ते माझं सिमेंट नाही. अठ्ठ्याऐंशी सालचं सिमेंट आहे.”

“अठ्ठ्याऐंशी साली तूच होतास ना पण? इदवलने सांगितलं होतं, दगडाला सिमेंट लावू नकोस, पाणी आत अडकेल, थंडीत गोठून दगड फोडेल. तू म्हणालास, दादाला नवीन काही कळत नाही.”

“तेवीस वर्षं ऐकतोय मी हे.”

“अजून तेवीस ऐकशील. मी काही कुठे जात नाही.”

काका हसला नाही. एरवी हसला असता. सकाळपासून तो नेस्टच्या कोटाच्या खिशाकडे बघत होता. खिशात बिशपच्या कचेरीचा अर्ज होता. पेटी आता सरकारी यादीत होती, जुना वारसा म्हणून, त्यामुळे तिच्यावर एक अक्षर जरी नवं कोरायचं तरी परवानगी लागे. अर्जात दोन गोष्टी हव्या होत्या: घरच्यांची सही, आणि संबंधित बाजू कोरी असल्याचा तज्ज्ञाचा दाखला. समितीची बैठक सोमवारी होती. त्यानंतरची थेट ऑक्टोबरात.

“नेस्ट, मी अजून एकदा सांगतो,” काका जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला. “नव्या स्मशानभूमीत ग्रॅनाइट मिळतो. चकचकीत. पन्नास वर्षं हात लावायला नको. दादाची रक्षा तिथे ठेवू, नाव सोनेरी अक्षरांत.”

“सोनेरी अक्षरं? बाबा?” नेस्टने मान वर केली. “काका, बाबा सोनेरी अक्षरं बघितली की रस्ता बदलायचे.”

“बरं, काळी अक्षरं.”

“दर पिढीतल्या थोरल्याचं नाव पेटीवर असतं. दक्षिणेला खापरपणजोबा, पूर्वेला पणजोबा, पश्चिमेला आजोबा. उत्तरेची बाजू रिकामी आहे. बाबांनी सदतीस वर्षं ती बाजू राखली, दुसऱ्या कोणाला कुंचा लावू दिला नाही. ते कशासाठी होतं मग?”

काकाने उत्तरेच्या बाजूकडे नजर टाकली.

“त्याने कधी म्हटलं होतं का तुला, माझं नाव तिथे घाला?”

“बाबा कधी काय म्हणायचे?” नेस्ट म्हणाली. “विचारलं की म्हणायचे, कुठेही ठेवा, गवतात ठेवा. चाळीस वर्षं लोकांची नावं कोरली त्यांनी, काका. ह्या आवारातले अर्धे दगड त्यांच्या हातचे आहेत. त्यांचंच नाव कुठे नको?”

हे बोलताना तिचा आवाज जागेवर राहिला, म्हणून तिला बरं वाटलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती त्यांचा हात धरून बसायची. अंगठ्याशी छिन्नीचा घट्टा होता, आयुष्यभराचा. हात गार झाल्यावरही तो घट्टा तसाच राहिला. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं. ह्या माणसाचं नाव दगडात असेल, आणि पेटीवर असेल. एवढी एकच गोष्ट आता त्यांच्यासाठी करता येण्यासारखी उरली होती.

“दगडांची डॉक्टरीण आली बघ,” आत्या ओरडली. “पेशंटला जरा सांभाळून, बाई!”

फाटकातून हेलेद येत होती. वारसा खात्याने पाठवलेली, तिशीतली मुलगी, पाठीवर हत्यारांची पिशवी, हातमोजे दातांत धरलेले.

“ताई, तुझे गुडघेही दाखवून घे तिला,” काका म्हणाला.

“माझे गुडघे यादीत नाहीत. यादीत असते तर तूच सिमेंट लावलं असतंस.”

हेलेदने सगळ्यांना नमस्कार केला, ढगांकडे पाहिलं. “चुन्याला चांगला दिवस मिळालाय तुम्हाला. ऊन नाही, पाऊस नाही. मला उत्तरेकडे हातभर जागा साफ करायची आहे, तेवढं झालं की दाखला लिहिते. अर्ध्या तासाचं काम.”

“कर की,” नेस्ट म्हणाली.

काका व्हॅनकडे गेला, मागचं दार उघडलं, आणि काही न काढता तसाच उभा राहिला.

उत्तरेची बाजू यूच्या जुन्या, दाट, सदाहरित झाडाखाली होती. तिकडे ऊन कधी येत नसे. जुन्या काळी आवाराच्या उत्तरेला कोणी आपलं माणूस पुरत नसे. जीव दिलेले, नाव नसलेले, बाप्तिस्मा न झालेले, असे तिकडे. लहानपणी नेस्टने एकदा विचारलं होतं, पेटीच्या आत कोण आहे. वडील म्हणाले होते, कोणी नाही, आत नुसती हवा. माणसं सगळी खाली मातीत. मग पेटी कशाला? तर म्हणाले, वरच्या लोकांसाठी.

दक्षिणेच्या अक्षरांत काळा रंग भरता भरता तिला पलीकडून पातं घासल्याचा आवाज येत होता. बारीक, धीराचा. मग तो थांबला. बराच वेळ थांबला.

“नेस्ट,” हेलेद म्हणाली. मोठ्याने नाही. “जरा इकडे येता का?”

तिने चुन्यात एक खिडकी पाडली होती, साधारण दोन तळव्यांएवढी. खिडकीच्या कडेला चुन्याचे थर दिसत होते, वहीच्या पानांसारखे एकावर एक.

“बाकीच्या बाजूंवर नखाएवढा थर आहे,” हेलेद म्हणाली. “इथे बोटभर जाड. दर वर्षी दोन-तीन हात तरी दिले असतील. एवढा चुना मी कुठल्याच थडग्यावर पाहिला नाही. आणि हे बघा.”

खिडकीत करडा दगड होता, आणि दगडात अक्षरं. कोरीव, स्वच्छ, आत काळ्या रंगाचा लहानसा अंश अजून धरून असलेली.

नेस्टने शब्द वाचण्याआधी अक्षर ओळखलं. ‘आर’चा पाय. तो सरळ खाली उतरत नव्हता. थोडा पुढे पडत होता, दारातून बाहेर पाऊल टाकावं तसा. असा ‘आर’ ह्या सबंध खोऱ्यात एकच माणूस कोरत असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने काढून त्याने तिला शिकवला होता. अक्षर उभं राहून कंटाळता कामा नये, म्हणायचा. ते निघायच्या बेतात असलं पाहिजे.

“हात चांगला आहे,” हेलेद म्हणाली. “अजून पूर्ण तयार झालेला नाही, पण चांगला आहे. तरुण असणार कोणीतरी. मी थोडं अजून उघडू का?”

नेस्टने मान डोलावली. हेलेदने पातं फिरवलं. चुना कवचांसारखा निघत गेला, आणि ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वर आली.

मेरेरिद. ग्विलिम प्रॉथरो यांची कन्या. मृत्यू १९६१. वय वीस वर्षे.

पेटीच्या पलीकडून दातांच्या ब्रशचा आवाज येत होता. घासणं, पाण्यात बुडवणं, घासणं.

“ही कोण?” हेलेदने विचारलं. “तुमच्या आत्याचं नावही तेच ना? त्यांच्या आधीची बहीण?”

“नाही,” नेस्ट म्हणाली. “तीच.”

काका कधी मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

“मी म्हटलं होतं तुला ग्रॅनाइट,” तो म्हणाला.

“हे बाबांनी कोरलं.”

“हो.”

“काका, बोल.”

“हळू.” त्याने पेटीच्या वरून पश्चिमेकडे पाहिलं. “ती गेली ना त्या टुल्योबरोबर, कॅफेवाल्याच्या मुलाबरोबर. इटालियन, त्यात कॅथलिक. ब्रिस्टलला जाऊन लग्न केलं. आमचा म्हातारा, तुझा आजोबा, तेव्हा चर्चचा वॉर्डन, म्हणजे कारभारीच. त्या वर्षी इथे पाद्रीही नव्हता, त्यामुळे विचारणारं कोण? म्हणाला, माझी मुलगी मेली. लोक म्हणतात असं रागात. पण म्हातारा नुसतं म्हणून थांबणाऱ्यांतला नव्हता. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा, छिन्नी हातात नुकती बसलेली. त्याला सांगितलं, कोर. आणि उत्तरेला कोर.”

“आणि बाबांनी कोरलं.”

“तीन दिवस लागले. तीन दिवस घरात जेवला नाही. चौथ्या दिवशी सामान बांधलं आणि नीथला निघून गेला, तो म्हातारा असेपर्यंत परत आला नाही. तुझा जन्मही तिकडचाच.” काकाने टोपी उलटी केली, सुलटी केली. “म्हातारा दर फुलांच्या रविवारी तिच्या अक्षरांत काळा रंग भरायचा. स्वतः. तेरा वर्षं. मग चौऱ्याहत्तरला नोव्हेंबरात तो गेला आणि ताईची तार आली, दफनाला येतेय म्हणून. दादा आदल्या दिवशी नीथहून आला. घरात शिरलाच नाही, बादली घेऊन सरळ इकडे.”

“आणि मग दर वर्षी.”

“दर वर्षी.”

“गावातल्या कोणीच तिला सांगितलं नाही? तेरा वर्षं सगळ्यांनी वाचलेलं असणार हे.”

“ह्या गावाला सगळं सांगायची सवय आहे,” काका म्हणाला, “एवढं एक सोडून. दादाने दारोदार फिरून शब्द घेतला होता.”

नेस्टने अर्ज खिशातून काढला. सकाळपासून तिची सही त्यावर होती. तिने हेलेदकडे पाहिलं. हेलेद गुडघ्यावर बसूनच होती, मोजे काढून हातात घेतलेले.

“आता काय होतं?”

हेलेदने मोजे गुडघ्यावर ठेवले. “बाजू कोरी आहे असं मी लिहू शकत नाही. पण खाली जागा आहे. जुन्या नावाखाली नवं नाव घालायला समिती सहसा नाही म्हणत नाही. फक्त मग सगळा चुना काढावा लागेल. अक्षरं उघडी राहतील, आणि पुन्हा झाकता येणार नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही अर्ज मागे घेता. मग मी माझ्या खात्यात एक नोंद करते, आणि इथे कोणी कशाला हात लावत नाही.”

“म्हणजे नाव हवं असेल, तर हे सगळ्यांना दिसणार.”

“हो.”

“घे तो अर्ज मागे,” काका म्हणाला. “नेस्ट, ती सत्तर वर्षांची आहे. उद्या हातात फुलं घेऊन इथे येईल आणि स्वतःचं मरण वाचेल. बापाने सांगितलेलं, भावाने कोरलेलं. दादाने आख्खा जन्म ह्याच एका गोष्टीसाठी घालवला.”

“आणि बाबांचं काय?”

हे तिला विचारायचं नव्हतं. ते आपोआप निघालं, लहान मुलीच्या आवाजात, आणि तिला त्याची लाज वाटली. पण काका बरोबर होता हे कळत असूनही हात कागद सोडत नव्हता. वडिलांचं नाव कुठेच नसणार. गवत वाढेल, कापलं जाईल, परत वाढेल. ती गेल्यावर तर जागा दाखवणारंही कोणी राहणार नाही.

ब्रशचा आवाज थांबला होता.

“काय रे, तिघं मिळून काय खलबतं चालली आहेत?” आत्याचा आवाज.

“काही नाही ताई!” काका दचकून म्हणाला. “तू व्हॅनमध्ये बस बघू. वारा सुटलाय. थर्मासमध्ये चहा आहे.”

“एप्रिलचा वारा मला कधीपासून बाधायला लागला?”

“मनुकांचा ब्रेड पण आहे, आत्या,” नेस्ट म्हणाली. “कापायचा राहिलाय. तू कापतेस का?”

“तू कापू नकोसच. तू कापलास की पावाचे डोंगर होतात.” काठीचा ठक्क आवाज झाला, मग स्टूल मागे सरकल्याचा. “तुम्ही दोघं एका बाजूला असलात की समजावं, काहीतरी चोरलंय.”

“ताई, इकडे चिखल आहे. खाजरं तण झोंबेल पायाला.”

“झोंबू दे.”

काका पुढे झाला आणि पेटीच्या कोपऱ्यावर, तिची वाट अडवून उभा राहिला. जाडजूड माणूस, हातात टोपी, दारात भिकाऱ्याने उभं राहावं तसा. आत्या त्याच्यासमोर थांबली. ती त्याच्या छातीपर्यंतही येत नव्हती.

“हेविन,” ती म्हणाली, “सरक.”

तो सरकला.

आत्याने दगडाकडे पाहिलं. नेस्ट तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि जे होईल अशी तिला भीती होती ते झालंच नाही. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, वाकली, आणि अक्षरांच्या जवळ तोंड नेऊन एक चुन्याचा कण फुंकून उडवला.

“बरं टिकलंय,” ती म्हणाली.

चर्चच्या मनोऱ्यातले कावळे एकदम उठले, चक्कर मारून पुन्हा बसले.

“ताई, तुला...”

“नोव्हेंबरात कोणी चुना लावतं का रे?” आत्या म्हणाली. “तू बांधकामाचं सामान विकतोस, तूच सांग. थंडीत लावलेला चुना धरतो का? मी दफनाला आले, बघते तर सगळं आवार हिरवंकाळं, आणि आपल्या पेटीची एक बाजू पांढरीशुभ्र. मला वाटलं, इदवलला दुःखाने काही सुचत नाहीये. नाताळानंतर होलीची, त्या लाल फळांच्या झुडपाची, फांदी ठेवायला एकटी आले, तर गोठलेल्या दवाने अर्धा चुना सोलून काढलेला. खाली पडलेला, माशाच्या खवल्यांसारखा. वाचलं मी. बसले इथेच, ह्या मुळावर. बराच वेळ.”

“आणि कोणालाच बोलली नाहीस,” नेस्ट म्हणाली.

“बोलणार होते. इदवललाच बोलणार होते. मार्चपर्यंत वाक्यं जुळवत होते. ब्रिस्टलहून येताना रेल्वेत पाठ करत होते, मनातल्या मनात काय काय शिव्या! मग फुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी इथे पोचले, तर हा आधीच कामाला लागलेला. तीन हात देऊन झाले होते, चौथा चालू होता. मला बघितलं आणि असा उभा राहिला.” तिने दोन्ही हात पसरून पाठ पेटीकडे केली, आडोसा धरल्यासारखी. “म्हणाला, मेरेरिद, तू पश्चिमेची बाजू घे, तिकडे ऊन आहे. त्याच्या भुवयांवर चुना होता. तेव्हा मी पश्चिमेची बाजू घेतली.”

“म्हणजे आजोबांची,” नेस्ट म्हणाली. सदतीस वर्षं आत्या दातांच्या ब्रशने कोणाचं नाव घासत होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“हो, म्हाताऱ्याची. कानाकोपऱ्यातली घाण काढते दर वर्षी. चांगलं जोर लावून काढते.” आत्या जरा हसली. मग हसू गेलं. “इदवलला वाटायचं मी पाहिलेलं नाही. मी त्याला तसंच वाटू दिलं. त्याला माझ्यासाठी करण्यासारखं ते एकच उरलं होतं ना. ते काढून घेऊन मी काय करणार होते?”

काकाने टोपी घातली आणि पुन्हा काढली. त्याचे डोळे लाल झाले होते.

“मला कोणीतरी सांगायचं होतं,” तो म्हणाला. “सदतीस वर्षं मी ह्या दिवशी पोटदुखी घेऊन येतोय.”

“तुला सांगितलं असतं तर तू त्यावर सिमेंट लावलं असतंस,” आत्या म्हणाली.

हेलेदला हसू आलं. आत्या नेस्टकडे वळली. तिच्या हातातला कागद तिने आधीच पाहिला असावा.

“मी ऐकलं सगळं. मला कमी दिसतं, ऐकू कमी येत नाही. तुला इदवलचं नाव हवंय. घाल. माझी काही अडचण नाही. चुना काढा, माझ्याखाली त्याचं कोरा. मेलेली तर मेलेली. अजून किती वर्षं ते खोटं राहणार आहे? वर्ष आणि वय बदललं की झालं.”

आता काहीच आड येत नव्हतं. हेलेद मान डोलावत होती, होईल म्हणून. काकाही आता अडवत नव्हता. सोमवारी समिती बसेल, उन्हाळ्यात कोणी तरी छिन्नी घेऊन येईल, आणि इदवल प्रॉथरो हे नाव प्रॉथरोंच्या पेटीवर येईल, जसं नेस्टने ठरवलं होतं.

तिने दगडाकडे पाहिलं. वरच्या ओळीत तेवीस वर्षांच्या मुलाचा हात होता. एकेक अक्षर उपाशीपोटी, बापाच्या धाकाने, जीव लावून कोरलेलं. वाईट कोरता येईल इतका राग त्याच्यात नव्हता, किंवा वाईट कोरायचं त्याला जमतच नव्हतं. आणि आता त्याच्याचखाली त्याचं नाव, सही केल्यासारखं. येणारा जाणारा दोन्ही एकत्र वाचणार. आणि ते वाचता यावं म्हणून सदतीस वर्षांचा चुना खरवडून पोत्यात भरायचा. हेलेदने उघडलेल्या खिडकीच्या कडेला ती पानं अजून दिसत होती, एकावर एक. त्यातलं एक तिच्या शाळेच्या वर्षाचं असेल, एक आई गेली त्या वर्षाचं. गेल्या वर्षीचं सगळ्यात वर. तेव्हा त्यांना धाप लागत होती, तरी कुंचा तिच्या हातात दिला नव्हता.

कोणीही कोरू शकतं नाव, तिला वाटलं. पैसे दिले की कोरतात.

तिने कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, खिशात बसेल एवढी.

“नको,” ती म्हणाली.

“नीट विचार कर,” आत्या म्हणाली. “मी नुसतं बोलायचं म्हणून नाही सांगत. खरंच घाल.”

“नको, आत्या. त्यांना वाटतंय तू पाहिलेलं नाहीस.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि पेटीच्या शिळेवर तळवा टेकला, तोल सावरायला.

“रक्षा इथे ठेवू,” नेस्ट म्हणाली. “ह्या बाजूच्या पायथ्याशी, गवतात. त्यांनी सांगितलं होतं तसंच. मी ऐकलं नव्हतं.”

“नाव कुठेच नाही?” काकाने विचारलं. सकाळपासून ज्या गोष्टीसाठी तो झगडत होता ती मिळाल्यावर त्याचाच आवाज फाटला. “दादाचं? कुठेच?”

“नाही.”

हे म्हणताना तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. वाटलं एवढंच, की दवाखान्यात धरलेला तो हात आता तिने सोडला.

हेलेद हत्यारं पुसून पिशवीत भरू लागली. “मला खात्यात नोंद करावी लागेल,” ती अवघडून म्हणाली. “जे दिसलं ते. फोटोसकट.”

“कर की,” आत्या म्हणाली. “तुमच्या नोंदी कोण वाचतं?”

चुना व्हॅनमध्ये डब्यात होता, इदवलनेच शरद ऋतूत भिजवून ठेवलेला, वर पाण्याचा थर, लोण्यासारखा बसलेला. काकाने तो काढून बादलीत पातळ केला, पार दुधाएवढा. नेस्टने आधी दगड पाण्याने ओला केला. मग कोरड्या बादलीतला कुंचा उचलला. सुतळीतले खळगे तिच्या बोटांना मोठे पडले. तिने मूठ घट्ट केली.

“खालून वर,” आत्या म्हणाली. तिने स्टूल इकडे आणवलं होतं आणि बादली गुडघ्यांत धरून बसली होती. “इदवल खालून वर घ्यायचा.”

“तुला काय माहीत? तू तर तिकडे असायचीस, पश्चिमेला.”

“आवाजावरून कळायचं.”

पहिला हात दिला तरी काही झालं नाही. ओला चुना पाण्यासारखा असतो. त्यातून सगळं दिसतं, उलट जास्तच गडद दिसतं. मेरेरिद, वय वीस. काका बाजूला उभा राहून बघत होता.

“झाकत नाहीये,” तो म्हणाला.

“वाळू दे,” आत्या म्हणाली. “तुला कधीच धीर नव्हता.”

तिघं थांबली. पलीकडच्या थडग्यांपाशी कोणी कोणाला बादली मागत होतं, कोणाचं तरी पोर रडत होतं. यूच्या झाडाखाली वारा पोचत नव्हता. हळूहळू दगडाच्या कडेपासून पांढरं येऊ लागलं, श्वासाने काच धुरकटावी तसं. आधी वर्ष गेलं. मग वय. मग बापाचं नाव. आत्या चष्मा डोळ्यांवर ओढून बघत होती, आणि नेस्टच्या हातातल्या कुंच्यावरून थेंब गवतात पडत होते, जिथे त्यांना ठेवायचं होतं तिथेच.

सगळ्यात शेवटी ‘आर’चा पाय राहिला, पुढे पडलेला, निघायच्या बेतात. मग तोही दिसेना.

“दुसरा हात दे,” आत्या म्हणाली, आणि बादली पुढे केली.